भिंतीवरचे तीन पट्टे

आई गेली त्या वर्षी, चौऱ्याहत्तर साली, दिवाळीआधी मी पहिल्यांदाच एकटी पांढरी माती आणायला निघाले. जऊळक्याच्या स्टेशनापलीकडे खदान होती. टोपलं भरलं, पण ते डोक्यावर ठेवायला कोणी नव्हतं.

"उचलू काय?" बैलबंडीवरून उतरत देवमननं विचारलं. आमच्याच गावचा, नवं मातीचं घर बांधत होता.

टोपलं डोक्यावर आलं. काठावरचा हात मात्र लवकर सुटला नाही... त्याचाही, माझाही.

"भागिरथा, घराले कोन्ता गिलावा करू, समजून नाई राह्यलं. मिस्त्रीनं नमुन्याले सिमेटचा पट्टा लावून दाखवला. हेमलानं मातीचा लावला. तू बी एक लाव ना."

"हेमलानं?"

"हो. काय हात हाये तिचा! आरशावानी भिंत!"

तांड्यावरची हेमला, गावात गिलाव्याच्या मजुरीला यायची. हसली की गालावर खळी पडायची. आईनंतर पहिल्यांदाच मला दुसरं काहीतरी दुखलं.

आई गिलाव्यात पांढरी माती, शेण आणि भुसा कालवायची. हेमलापेक्षा माझा पट्टा गुळगुळीत दिसावा म्हणून मी भुसा घातलाच नाही. ओला होता तोवर तो लोण्यासारखा चमकला. देवमन बघत राहिला — पट्ट्याकडे की माझ्या मातकट मनगटांकडे, कोण जाणे.

वाळल्यावर पाहायला गेले. सिमेंटचा पोपडा सुटून खाली पडला होता. माझ्या बिनभुशाच्या पट्ट्याला तडेच तडे. हेमलाचा जसाच्या तसा. आणि ती स्वतः तिथंच, पदर खोचून, त्याच्याशी हसत उभी!

मी वळलेच.

"काहून चालली वं?" देवमननं हाक मारली.

"तिलेच बोलाव गिलाव्याले."

"बोलावलंच हाये मले," हेमला म्हणाली. "बाहेरच्या चारी भिंती माह्याच."

"चांगलं हाये," मी माझ्या पट्ट्याकडे बघत म्हणाले.

हेमलानं घमेलं उचललं आणि मुद्दाम पलीकडे गेली.

"अन् चुलीमागची?" देवमन हळूच म्हणाला. "ते काई मजुराकडून सारवत नाईत. घरची बाई सारवते... तुले म्या सांगावं काय?"

"माह्या पट्ट्याले तडे गेले. दिसत नाई?"

"दिसते. तरी इचारून राह्यलो."

मी तड्यावरून बोट फिरवत राहिले. मग हेमलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले —

"भुसा चाळून ठेव. अन् त्या भिंतीले दुसऱ्या कोनाचं बोट जरी लागलं, तर माह्याशी गाठ हाये!"