शुक्रवारचा व्हिडिओ

भिसेगावच्या चढावर पाण्याच्या जारांनी भरलेला छोटा हत्ती टेंपो मधोमध बंद पडला होता आणि त्याच्या मागे नाझियाची शिकाऊ गाडी अडकली होती. तिच्या मागे रिक्षा, रिक्षांच्या मागे शाळेची बस, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. पाऊस धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता… ऑगस्टच्या अखेरीस पडतो तसा, चिकट आणि कंटाळलेला.

टेंपो सुरू झाला, हिसका देऊन पुढे गेला, पुन्हा बंद पडला आणि वीतभर मागे घसरला. आतले जार एकमेकांवर आपटले.

"या अल्ला," मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली. "हा आता आपल्या मांडीवर येऊन बसणार गं!"

नाझियाने हँडब्रेक ओढला, ओढणी डोक्यावर सारखी केली आणि खाली उतरली. टेंपोच्या खिडकीत तिच्याच वयाचा एक तरुण होता. कुणी हिसकावून नेईल अशा भीतीने त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. कपाळावरचा घाम भुवईवर येऊन थांबला होता, पण तो पुसायला हात सोडायची त्याची तयारी नव्हती.

"हँडब्रेक लावा आधी. लावलात? आता श्वास घ्या. मागच्यांकडे लक्ष देऊ नका, त्यांना घरी गेल्यावरही हॉर्नच वाजवायचा असतो."

तो गर्रकन वळला. तिच्या तोंडाकडे पाहत राहिला… नाही, पाहण्यापेक्षा ऐकत राहिला.

"तुमी… तुमीच त्या ना? 'स्टिअरिंग तुमच्या हाती'वाल्या?"

नाझिया क्षणभर हॉर्नही विसरली. दोन वर्षं ती व्हिडिओ टाकत होती. बघणारे कोण, तर मामाच्या मुली, शाळेतल्या मैत्रिणी आणि तेही आधी आधी. नात्यागोत्यात नसलेलं, रस्त्यात भेटलेलं, आवाजावरून ओळखणारं माणूस तिला आजवर एकही भेटलं नव्हतं.

"आधी टेंपो वर न्यायचा का?" ती कशीबशी म्हणाली.

"तुमीच न्या," म्हणत तो शेजारच्या सीटवर सरकलाही.

तिने टेंपो वर नेऊन कडेला लावला. धावत परत आली, तोवर अम्मीने खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्या रिक्षा अडवून धरल्या होत्या. गाडी वर आणून तिने टेंपोपुढे उभी केली. तो पावसात उभा होता, ओशाळलेला.

"मी झुहेब. खालापूरचा. टेंपो भाईचा हाय, तल्हाभाईचा. ड्रायव्हर तापाने पडला, म्हणून आज मी… लायसन हाय माझं! अठराव्या वर्षी काढलं. पण तेवापासनं चालवलंच नाय. कुणी विचारलं कशाची भीती वाटते, तर सांगता येत नाय. नुसतं हातपाय गार पडतात."

"आणि माझे व्हिडिओ?"

"उभ्या टेंपोत बसून बघतो. गाडी बंद ठेवून." तो हसला. "पुढचा कधी येणार? मागच्या शुक्रवारी आला नाय."

"येणार नाही. बंद केलं मी ते."

"असं कसं बंद केलं?" त्याचा चेहरा पडला. "मी अजून रिव्हर्सपर्यंत आलोच नाय!"

नाझियाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

*

दहिवलीला तिच्या अब्बांची, झहीरभाईंची, ड्रायव्हिंग स्कूल होती. एक गाळा, एक गाडी. अब्बांची कंबर धरली तेव्हापासून शिकवणी नाझियाकडे आली होती. बायका यायच्या, हौसेने शिकायच्या आणि घरी कुणी किल्ली हातात देत नाही म्हणून दोन महिन्यांत सगळं विसरायच्या. त्यांना घरबसल्या उजळणी करता यावी म्हणून तिने चॅनल काढलं. दर शुक्रवारी एक व्हिडिओ.

मोबाइल डॅशबोर्डवर चिकटवायचा, तो खड्ड्यात निसटून पडायचा. पुन्हा पहिल्यापासून. आवाजात वारा शिरला की पुन्हा. मग गाळ्यात बसून डोळे चुरचुरेपर्यंत कापाकापी. आणि एवढं करून बघणारे बोटांवर मोजण्याइतके. सुरुवातीला ती तासातासाने बघायची, कुणी आलं का. नंतर रोज. नंतर बघायचीच भीती वाटू लागली. ओसाड गल्लीत एकटीनेच मोठमोठ्याने बोलत सुटावं, तसं वाटायचं.

"कुणी बघतं का गं?" अब्बा विचारायचे. प्रेमानेच विचारायचे, पण तो प्रश्न अंगावर ओल्या गोधडीसारखा पडायचा. शेवटी पनवेलच्या एका शोरूममध्ये नोकरी मिळत होती, ती घ्यायची असं तिने ठरवलं होतं. कॅमेऱ्यासमोर हसायचंसुद्धा तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

आणि नेमका हा जारवाला भेटला.

दोनच दिवसांनी तो गाळ्यात हजर झाला. हातात थंड पाण्याची बाटली.

"मला शिकवा. आणि शिकवताना व्हिडिओ काढा."

"मी बंद केलंय म्हटलं ना?"

"तुमी एकट्याच बोलता त्यात. समोर शिकणारा कुठं हाय? बघणाऱ्याला वाटतं, बाईला सगळं येतं, आपल्याला काय जमणार. मला बसवा. मला तर खरंच येत नाय… नाटक करायला नको."

"लोक हसतील."

"हसू दे. तुमी पण हसलाच की त्या दिवशी."

"मी कुठे हसले?"

"हसलात. थोडं. इथं…" त्याने स्वतःच्या गालाकडे बोट नेलं आणि घाईघाईने खाली घेतलं.

पनवेलच्या लोकांना तिने महिनाभराने येते असं कळवलं.

*

मग दर आठवड्याला झुहेब स्टिअरिंगवर, नाझिया शेजारी आणि मागे अम्मी, मांडीवर परात घेऊन मेथी निवडत. गाडी हिसका मारायची तशी मेथीची पानं पुढच्या सीटपर्यंत उडायची.

"आरशात कोण दिसतंय?" नाझिया विचारायची.

"मागं बस हाय."

"आणि डावीकडच्या?"

"डावीकडं… तुमी."

"मी आरशात नाही, शेजारी आहे. आरशात बघा."

"बघतोय की. शेजारी बघितलं तर तुमी ओरडता."

अम्मी मागून खाकरायची. नाझिया काचेबाहेर बघायची, आणि नंतर व्हिडिओ कापताना तेवढा तुकडा बाजूला काढून ठेवायची. टाकायची नाही. पुसायचीही नाही.

बघणारे वाढले, पण मुंगीच्या पावलाने. एखाद्या आठवड्यात चार नवे यायचे, पुढच्या आठवड्यात दोन निघून जायचे. ती वैतागायची. झुहेब शांतपणे पाण्याची बाटली पुढे करायचा. "पाणी प्या. मी पण अजून तिसऱ्या गियरलाच हाय ना?"

महिना उलटला, दुसराही गेला. पनवेलची जागा भरली गेली. तिने कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांनी भिसेगावच्याच चढावर चित्रीकरण केलं. झुहेबची गाडी एकदा बंद पडली, पुन्हा पडली, पुन्हा पुन्हा पडली. मागचा रिक्षावाला उतरून येऊन वाट्टेल ते बोलला. झुहेबने स्टिअरिंग सोडलं नाही. शेवटी गाडी चढली. नाझियाने जसं घडलं तसं टाकलं.

आठवडाभराने कुणीतरी त्यातला फक्त रिक्षावाल्याच्या शिव्यांचा तुकडा कापून, वर हसण्याचे आवाज जोडून फिरवला. आणि बघता बघता गर्दी लोटली. तिच्या चॅनलचा आकडा असा पळू लागला की तिने मोबाइल उलटा करून पुन्हा सुलटा केला. दोन वर्षं जिची वाट बघितली, ती गर्दी दारात आली होती! अब्बांना तिने हाक मारली, अम्मीला मिठी मारली.

मग ती व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचायला बसली. 'बाईच्या हाताखाली शिकतोय, बांगड्या भर.' 'याला पाळण्यात बसवा.' आणखी बरंच. वाचता वाचता तिचे हात गार पडत गेले.

दुसऱ्या दिवशी तल्हाभाई गाळ्यात आला. आवाज चढवला नाही, खुर्चीवरही बसला नाही.

"ताई, तुमच्याशी भांडायला नाय आलो. पण मी रिसॉर्टवर जार उतरवतो तर तिथली पोरं माझ्या भावाची नक्कल करतात. तो घरात जेवायला बसतो, पण जेवत नाय. तुमचं नाव झालं, चांगलं हाय. त्याचं काय झालं, तेवढं बघा."

तो गेल्यावर नाझियाने व्हिडिओ लपवून टाकला. आकडा जसा धावत आला होता तसा जागच्या जागी थबकला. तिला वाईट वाटलं नाही… फक्त थकवा आला. पायांपासून वर चढत जाणारा, हाडांतला.

झुहेब पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नाझियाने एकटीने व्हिडिओ काढायला घेतला आणि दोन वाक्यांनंतर मोबाइल खाली ठेवला. शेजारच्या सीटवर तिला झुहेब हवा होता. चॅनलसाठी नव्हे, हे तिला तेव्हा स्वच्छ कळलं.

एका दुपारी तो आला. दाढी वाढलेली, डोळ्यांत राग.

"कुणाला विचारून व्हिडिओ लपवलात?"

"झुहेब… ते हसत होते तुमच्यावर."

"माझ्यावर हसत होते ना? मग मला विचारायचं होतं! मला वाटलं, तुमाला पण लाज वाटली माझी. म्हणून नाय आलो."

"लाज? मला?" तिचा आवाज चिरकला. "तुमच्या जिवाला लागलं म्हणून मी… तुम्ही जेवत नव्हतात म्हणे."

राग उतरला तसा त्याचा सगळा आवेशच गेला. खुर्ची ओढून तो बसला.

"दोन दिवस नाय जेवलो. खोटं कशाला बोलू? पण त्या हसणाऱ्यांच्या खाली वाचलंत का तुमी? तुमी लपवायच्या आधी वाचलं मी. तिथं एक रोहिणी हाय, शेलूची. ती लिहिते, 'माझंही चढावर असंच होतं. हे दादा शेवटी वर जातात तेवढं बघण्यासाठी मी हा व्हिडिओ रोज लावते.' रोज, नाझिया! शिव्यांसाठी नाय, वर जाण्यासाठी. तिच्यासाठी तरी परत टाका."

"आणि तल्हाभाई?"

"भाईला मी सांगितलंय. म्हटलं, हसणारे आठवडाभर हसतात, मला जन्मभर तुझ्या शेजारच्या सीटवर बसायचं नाय."

तिने व्हिडिओ परत लावला. मुद्दाम त्याच्यासमोर. दोघंही एकाच मोबाइलवर वाकले होते, आणि वाकलेच राहिले जरा जास्त वेळ…

*

हसायला आलेली गर्दी दुसऱ्या कुणावर तरी हसायला निघून गेली. मागे राहिले ते थोडेच. पण राहिले. कुणी प्रश्न विचारायचं, कुणी आपली फजिती सांगायचं. शेलूची रोहिणी तर लेकीला घेऊन थेट दहिवलीला आली. शिकली आणि आता नवऱ्याला नेरळ स्टेशनवर स्वतः सोडते. नाझियाचे डोळे अजूनही चुरचुरतात, खड्ड्यात मोबाइल अजूनही पडतो. ती फक्त सारखा आकडा बघत नाही.

जानेवारीत झुहेब भरलेला टेंपो घेऊन खोपोलीचा घाट एकटा चढला आणि रिकामा घेऊन उतरला. तिथून सरळ गाळ्यात आला. अब्बा नमाजाला गेले होते, अम्मी शेजारच्या दुकानात ऊन खात बसली होती. नाझिया शुक्रवारची तयारी करत होती.

"घाट झाला," तो दारातूनच म्हणाला. "आता शिकायला काय उरलं नाय."

"अभिनंदन." ती वायर गुंडाळत राहिली. गुंडाळलेलीच पुन्हा.

"इथं यायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून सगळ्या घाटात विचार केला. नाय सापडलं."

"मग?"

"मग असाच आलो."

बाहेरून एक रिक्षा गेली. नाझियाने वायर टेबलावर ठेवली. किती दिवस मनात धरलेलं एकदम ओठांवर आलं आणि भलत्याच बाजूने बाहेर पडलं.

"झुहेब, एक ऐक. मी फार थकते. शुक्रवार आला की नकोसा वाटतो. पण मी हे सोडणार नाही. कुणी बघो, न बघो. लग्न झालं तरी सोडणार नाही. घरात पाहुणे असोत, काहीही असो, मी गाडीत बसून एकटी बडबडत असणार. हे आधीच सांगितलेलं बरं."

झुहेब अगदी हळू म्हणाला,

"तुमी आता 'ऐक' म्हणालात. 'ऐका' नाय."

तिचे कान तापले. "चुकून आलं."

"आणि लग्न?"

"काय लग्न?"

"लग्नाचं पण तुमीच काढलंत. मी तर अजून खुर्चीवर बसलो पण नाय!"

नाझियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसू आवरेना. इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. तिचं हसणं ओसरेपर्यंत तो टेबलापलीकडे उभा राहिला, हात मागे बांधून.

"रविवारी तुझ्या अम्मीला घेऊन ये," ती डोळे पुसत म्हणाली. या वेळी चुकून नाही, त्याच्याकडे सरळ बघत. "आमची अम्मी घरीच असते."

"आणि आज?"

"आज शुक्रवार आहे. उभा काय राहिलास? मोबाइल धर, उजेड जायच्या आत उरकू."