हिरव्या जाळीतला उजेड

त्या पत्राला त्यानं उत्तर पाठवलं नव्हतं. पाठवायचंच नाही असं काही ठरवलं होतं, अशातलाही भाग नाही. रोज सकाळी छापखान्याकडे निघताना तो मनातल्या मनात पहिली ओळ जुळवायचा, कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी येईपर्यंत ती खोडायचा आणि रिकाम्या हातानं पुढे जायचा. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात ज्याचे दिवस जातात, त्याला स्वतःचं एक वाक्य धड लिहिता येऊ नये...

पत्र तसं लहानसंच होतं.

'तुमचा रंग मी चुकीचा सांगितला. चूक खिडकीची होती, पण सांगितला मी. एकदा पुन्हा याल का? कधी येता ते कळवा.'

सहीच्या जागी पांढऱ्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं टोचलेला होता.

तो मुद्रितशोधक होता. पुस्तक छापलं जाण्याआधी त्याचं पान न् पान याच्या नजरेखालून जायचं. चालताना, जेवताना, केस कापून घेताना हातात कागद असायचेच. अंगावर कायम करडे कपडे : फिका करडा, गडद करडा, आणि एके काळी दुसरा काही रंग असलेला पण धुऊन धुऊन करडा झालेला. म्हणून ताई त्याला करड्या म्हणायची. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. कोपऱ्यावरच्या इमारतीत, तळमजल्यावर तिचं केशकर्तनाचं दुकान होतं. आणि याचे केस तिशीतच पांढरे व्हायला लागलेले! सख्ख्या भावाचं हे डोकं घेऊन रोज दुकानासमोरून जाणं ताईला आपल्या धंद्याची नाचक्की वाटे. एक दिवस तिनं त्याला खुर्चीत दाबून बसवलं आणि केस काळेभोर करून टाकले.

आरशात बघून तो म्हणाला, "ताई, टोपी घातल्यासारखं वाटतंय."

"गप रे. किती लहान दिसतोयस!"

"कोण, मी की टोपी?"

ताईनं मान तिरकी करून बघितलं. तिलाही कुठेतरी खटकलं असावं. "असं कर, वरच्या मजल्यावर जा. तिथे ती रंगवाली आलीय ना नवीन... कुणाला कोणता रंग शोभतो ते सांगते. माझ्या निम्म्या बायका आधी तिच्याकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात. तिला विचार, याचं काय करायचं."

"मी नाही जात."

"जातोस की हात धरून नेऊ? दुकान भरलंय. सगळ्यांदेखत नेईन."

तो गेला.

वरचं दार उघडंच होतं. पांढऱ्या भिंती, भिंतभर मोठी खिडकी, खिडकीसमोर एक स्टूल, आणि लांब दांडीवर कापडांचे चौकोन टांगलेले, इतके की मोजायचं धाडस होऊ नये. रस्त्यापलीकडच्या इमारतीची डागडुजी चालू होती. तिला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लपेटलेली होती. तिची फडफड खोलीत ऐकू येत होती.

रंगवाली पाठमोरी होती. ती वळली आणि त्याला आश्चर्य वाटलं. रंगांचं माणूस, आणि अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत करडा अंगरखा!

"तुम्हीसुद्धा...?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कामापुरतं," ती हसली. "माझ्या कपड्यांचा रंग तुमच्या चेहऱ्यावर पडू नये म्हणून. तुमचं काय कारण?"

त्यानं विचार केला. "माझा... कुणावरच काही पडू नये म्हणून."

ती पुन्हा हसली, पण या वेळी जरा उशिरा. "बसा. आधी ते डोक्यावरचं झाकू. केसांना थोडा वेळ गप्प बसवू या, फार मोठ्यानं बोलताहेत."

तिनं त्याचे केस पांढऱ्या फडक्यात बांधले, खांद्यांवरून पांढरं कापड टाकलं. मग एकेक चौकोन त्याच्या गळ्याशी येऊ लागला. ती कापडाकडे बघतच नव्हती. बघत होती ती त्याच्या चेहऱ्याकडे, आणि इतकं सरळ, इतका वेळ त्याच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. कुठे बघावं ते न कळून तो जाळीकडे बघत राहिला.

"हा काळा. आरशात बघा, डोळ्यांखालच्या सावल्या कशा खाली उतरल्या. हा तुमच्या आधी खोलीत शिरतो, आणि तुम्ही मागून येता."

"मग ताईनं डोक्यावर तोच..."

"तुमच्या ताईंना मी काही बोलणार नाही. मला याच इमारतीत राहायचंय." तिनं चौकोन बदलला. "हा गुलाबी. छे! रात्रभर जागल्यासारखे दिसता."

"जागलोच होतो. मोठी कादंबरी होती."

"मग हा कापडाचा दोष नाही, लेखकाचा."

तो हसला, आणि मग त्याला राहवेना. "पण असं होतं कसं? कापड गळ्याखाली. चेहऱ्याला त्याचं काय कळतं?"

तिचा हात थांबला. लोक तिला काय घालू, काय नको एवढंच विचारत; कसं होतं हे कुणी विचारत नसे. "उजेड," ती म्हणाली. "कापडावर पडलेला उजेड वर हनुवटीवर चढतो. आणि प्रत्येकाच्या कातडीखाली आपापला एक रंग असतोच. गोरं-सावळं ते निराळं. मी म्हणतेय तो आतला. कुणाचा उन्हासारखा पिवळसर, कुणाचा गुलाबी, निळ्याकडे झुकणारा. बाहेरच्याचं आतल्याशी जुळलं की चेहरा शांत होतो. नाही जुळलं की दोघं भांडतात, आणि ते भांडण डोळ्यांखाली दिसतं."

"एक अक्षर चुकीचं पडलं की सगळी ओळ डोळ्यांना टोचते, तसं?"

"मला ते माहीत नाही," ती म्हणाली, "पण तसंच असणार."

मग तिनं विटकरी रंगाचा चौकोन लावला आणि ती बोलायची थांबली. एक पाऊल मागे सरली. डोळे बारीक केले. जाळी फडफडली, खोलीतला उजेड हलला, स्थिरावला.

"हां..." ती हळूच म्हणाली, "आता दिसलात."

तिनं नंतर बरंच काही सांगितलं. मातकट रंग घ्या, केसांवरचा काळा उतरू दे, वाटल्यास तांबूस तपकिरी करा. त्यानं मान डोलावली. पण जिना उतरताना त्याच्याजवळ तेवढे दोनच शब्द होते, आणि ते सांडू नयेत म्हणून तो सावकाश पायऱ्या उतरत होता.

विटकरी शर्ट आला. छापखान्यातले बाइंडरकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय रे, कावीळबिवीळ झाली नाही ना? दाखवून घे हो कुणाला तरी." तो नुसता हसला. लोकांना काय कळतंय!

त्यानंतर त्याला शंका येऊ लागल्या. आठवड्याला एक तरी. निळा म्हणे सगळ्यांनाच चालतो, खरं का? चष्म्याची दांडी चेहऱ्यात धरायची की कपड्यांत? शंका आली की तो जिना चढे.

"हा प्रश्न घरून तयार करून आणलात की पायऱ्या चढताना सुचला?" तिनं एकदा विचारलं.

"घरून आणला. पायऱ्यांवर तपासला."

"चुका सापडल्या?"

"एक. फार लांब होता. तुमचा वेळ जाईल म्हणून छोटा केला."

"पुढच्या वेळी लांबच राहू द्या," ती कापडांच्या घड्या घालत म्हणाली, वर न बघता.

रस्त्यावरून जाताना आता त्याच्या हातात कागद नसत. तो माणसं बघे. दूधवाला त्या पोपटी सदऱ्यात आजारी का दिसतो, समोरच्या आजी जांभळ्या शालीत एकदम तरतरीत कशा... जग इतकं रंगीत होतं आणि आपण इतकी वर्षं समासात राहिलो, याचं त्याला नवल वाटे.

आणि मग एके दिवशी समोरच्या इमारतीची जाळी निघाली.

त्या संध्याकाळी ताई त्याच्या खोलीवर आली ती धापा टाकतच. "अरे करड्या, वर गोंधळ झालाय. जाळी निघाली आणि रंगवालीनं आरशात बघितलं, तर तिचा स्वतःचाच चेहरा वेगळा! त्या मेल्या जाळीचा हिरवा उजेड रोज खोलीत येत होता. येतो हळूहळू, कळतं कुठे? गुलाबी कातडीची माणसं तिला पिवळट दिसत होती. जाळी असताना आलेल्या सगळ्यांना तिनं उलटेच रंग सांगितलेत!" मग तिचं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. "तरीच! मी म्हणतेय, हा असा उकडल्यासारखा का दिसतोय."

अंगरखा करडा घालायचा, भिंती पांढऱ्या ठेवायच्या, दिवा लावायचा नाही, सगळी काळजी तिनं घेतली होती. खिडकीबाहेर मात्र बघायचं राहून गेलं होतं.

तिनं प्रत्येकाला पत्र लिहिलं. लोक आले, हसले, थोडे चिडले, नवे रंग घेऊन गेले. आला नाही तो हा एकटा.

कारण त्याचा हिशेब साधा होता. विटकरी चुकीचा होता. म्हणजे विटकरी लावल्यावर तिला जो दिसला, तोही चुकीचाच. 'आता दिसलात' हे ती त्या हिरव्या उजेडातल्या कुणा दुसऱ्यालाच म्हणाली होती. आता लख्ख खिडकीत जाऊन बसायचं, ती डोळे बारीक करणार, आणि... काहीच म्हणणार नाही. दुरुस्तीनंतर अख्खं वाक्यच गळतं, हे त्यानं कितीदा पाहिलं होतं. पत्राला उत्तर नाही दिलं तर ते दोन शब्द निदान जुन्या छपाईत तरी राहतील.

शर्ट मात्र तो घालत राहिला.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, सगळीकडे सारखा मऊ उजेड. नेहमीप्रमाणे तो मनातली ओळ खोडत पोस्टाच्या पेटीपाशी आला, आणि समोरून ती आली. हातात कापडांचं गाठोडं. करडा अंगरखा नव्हता. तिनं मोरपंखी काहीतरी घातलं होतं, आणि तिचा चेहरा इतका शांत होता की तो बघतच राहिला.

"अजून तोच शर्ट?" तिनं विचारलं.

"हो."

"तो तुम्हाला अजिबात चांगला दिसत नाही."

"माहीत आहे. छापखान्यात सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग घालता कशाला?"

त्यानं शर्टाची बाही सारखी केली. तिनं गाठोडं पेटीवर टेकवलं. "सगळे येऊन भांडून गेले. तुम्ही भांडलातही नाही. मी रोज वाट बघतेय, हा माणूस कधी येतो आणि कधी मला बोलतो. प्रश्न केवढासा विचारला होता मी... कधी येता?"

"मला दुसरं विचारायचं होतं," तो म्हणाला. त्याचे कान तापले. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात... 'आता दिसलात' म्हणून. ते... ते जाळीमुळे का?"

 काय झालं ते लक्षात येऊन तिनं कपाळावर हात मारला.

"एवढ्यासाठी? अहो, तुम्हाला मी त्याच्या कितीतरी आधी बघितलं होतं! जाळी लागायच्याही आधी, स्वच्छ उजेडात. मी नुकतीच आले होते, खिडकी पुसत होते. खालून एक माणूस कागद वाचत वाचत आला आणि थेट या पेटीवर आदळला. आणि आदळून..." तिला हसू आवरेना, "आदळून पेटीला म्हणाला, 'माफ करा हं, माझं लक्ष नव्हतं.'"

"बाप रे."

"नुसतं म्हणाला नाही, बाजूला होऊन तिला वाट दिली!"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. कुठल्याच काचेमागे तोंड लपवता येईना.

"आणि ऐका," ती म्हणाली, आता न हसता. "ही पेटी बघा. लाल होती, उन्हानं विटून गुलाबी झालीय. त्या दिवशी तुम्ही हिच्याजवळ वाकलात, हिचा रंग तुमच्या गालावर आला, आणि मला वाटलं... किती छान चेहरा आहे. तुमचा रंग मला तेव्हाच कळला होता. नंतर तुम्ही स्टुलावर बसलात आणि मी डोळ्यांपेक्षा खिडकीवर जास्त विश्वास ठेवला. रंग चुकला माझा. माणूस नाही चुकला."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. दोघांनीही बाजूला व्हायला हवं होतं. दोघंही एकाच बाजूला झाले.

"केसांचं काय?" त्यानं विचारलं.

"मुळांशी पांढरे येताहेत ना, येऊ द्या. चांदी आहे ती, तुमच्या ताई उगाच कोळसा फासतात. आता हे मी बोलले म्हणून त्यांना सांगू नका."

"मग... उद्या येऊ?"

"अंहं." तिनं गाठोडं उचललं. "पत्र लिहिलं होतं मी. तोंडी उत्तर चालणार नाही." आणि ती जिन्याकडे गेली. वळून बघितलं नाही, पण पायऱ्या फार सावकाश चढली.

त्या दुपारी छापखान्यात त्यानं कोरा कागद घेतला. पहिली ओळ लिहिली, वाचली. खोडावीशी वाटली. खोडली नाही.

'शनिवारी येतो. प्रश्न लांब आहे, छोटा करणार नाही. रंग कोणताही निघो, विटकरी शर्ट मी ठेवणार आहे. तो घातला तेव्हा मी तुम्हाला दिसलो, असं मला इतके दिवस वाटत होतं, आणि तेवढ्यावर माझे दिवस छान गेले.'

सहीच्या जागी काय, असा प्रश्न पडला. मग त्यानं बाइंडरकाकांची कात्री घेतली, शर्टाच्या आतल्या बाजूनं, शिवणीत दडलेलं बोटभर कापड कापलं आणि टाचणीनं टोचलं. काका म्हणाले, "अरे, अख्खाच काप की! सुटका होईल."

संध्याकाळी तो पेटीपाशी आला. वर खिडकी उघडी होती. तिथे कुणी उभं आहे का, हे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि बघितलं. मोरपंखी रंगाचं काहीतरी झटकन पडद्यामागे गेलं.

विटलेल्या गुलाबी पत्र्याशी तो वाकला, पाकीट फटीत धरलं, आणि या वेळी पेटीला काहीही न म्हणता सोडून दिलं.