हातानं लिहिलेला पत्ता

राजवीर, तो मोबाईल आधी उलटा ठेव. आणि शिवांगी, तू जिन्याच्या दाराकडे पाठ करून बसू नकोस. नंतर म्हणशील, आजोबा, आधी सांगायचं होतं.

हं. भुताची गोष्ट हवी ना? मग ऐका. यात चिंच नाही, विहीर नाही. ऑफिस आहे, कॉम्प्युटर आहेत, भक्क ट्यूबलाइट आहे. आणि माणूस तुमच्या ओळखीचा आहे. आपल्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो तो मयुरेश सप्रे.

"वो नेटवर्क वाले मयुरेश भिया?"

तोच. तू परवा म्हणालीस ना शिवांगी, जाता-येता मान वर करून बघत नाही, अकडू आहे म्हणून? अकडू नाही गं तो. आज गावाला गेलाय म्हणून सांगतो. त्याच्यासमोर हा विषय काढायचा नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. एकवीस सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावास्या. दुपारी आपल्याकडे पान जेवून तो हात पुसतो न पुसतो तोच इथल्या, देवासच्या कारखान्यातून जया मॅडमचा फोन आला. त्या त्याच्या वरच्या साहेब. धारच्या ऑफिसातले कॉम्प्युटर कुणालाच आत घेत नव्हते, आणि सोमवारी सकाळी तिथून माल निघायचा होता. जाऊन बघ, म्हणाल्या. काम तसं नेहमीचंच. तुमच्या आजीनं डब्यात वडे बांधून दिले, त्यानं लॅपटॉप घेतला आणि इंदूरवरून धारचा रस्ता धरला. धारचं नाव ऐकून त्याचा चेहरा उतरला होता, असं तुमची आजी म्हणते. मी पाहिलं नाही. मी खीर खात होतो.

आता थोडं कामाचं ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मलाही हे त्यानंच समजावलंय. कॉम्प्युटर एकमेकांना नंबरानं ओळखतात. नावं आपल्यासाठी. म्हणून एक मोठा सर्व्हर असतो, कोणत्या नावाचा नंबर कोणता हे त्याला ठाऊक असतं. बाकीची मशीनं त्याला विचारतात आणि मग त्या पत्त्यावर जातात. पण प्रत्येक मशीनच्या पोटात एक छोटी फाईलही असते. तिच्यात कोणी हातानं पत्ता लिहून ठेवला, की ते मशीन कुणालाही विचारत नाही. डोळे मिटून तिथंच जातं.

मयुरेशला हे सगळं शिकवलं शरच्चंद्र ओगल्यांनी. मूळचे नालछ्याचे, घर धारला. त्यांचे आजोबा धार संस्थानच्या दफ्तरात होते, आणि तिथली एक सवय घराण्यात उतरली होती. हाताखालच्या माणसानं केलेलं काम स्वतः तपासायचं आणि खाली लिहायचं, "पाहिले. श. ओ." कॉम्प्युटरमध्येसुद्धा, मराठीत! मयुरेशची शाळा सगळी हिंदीत, मराठी वाचायचं म्हटलं की अजून अडखळतो. पण हा एक शब्द दिसला की त्याच्या जिवाला बरं वाटायचं. ओगले काकांचा नियमही एकच होता. "पोरा, मशीनला नाव विचारू दे. हातानं पत्ता लिहू नकोस. उद्या तो खोटा ठरेल आणि कुणाला कळणारसुद्धा नाही."

आणि मयुरेशनं नेमकं तेच केलं होतं. धारचं एक मशीन रोज रात्री सगळ्या हिशेबांची नक्कल दुसऱ्या एका, हिशेबाच्या सर्व्हरकडे पाठवायचं. एकदा त्या सर्व्हरचा पत्ता नावानं सापडेना. मित्राची वरात इंदूरला निघायची होती, हा नटूनथटून तयार. कोण शोधत बसतो? त्यानं हातानं पत्ता लिहिला, शेवटी आपली एम. एस. ही अक्षरं टाकली, आणि पळाला. नंतर काकांनी तो सर्व्हर बदलून देवासला नवा बसवला, नवा नंबर दिला. बाकीच्या मशीनांनी विचारून घेतलं. हे एकच बिचारं रोज रात्री रिकाम्या घराचं दार ठोठावत राहिलं. पुढं धारचे हिशेब असलेली डिस्क बिघडली, तेव्हा कळलं की कित्येक महिन्यांची नक्कलच नाही.

मोठे साहेब देवासहून आले. त्याच्या आदल्या संध्याकाळी मयुरेशनं गुपचूप ती ओळ पुसून टाकली. मग सगळ्यांच्या देखत काकांना विचारलं गेलं. त्या भल्या माणसानं सगळं उलटंपालटं करून तपासलं होतं, पण पुसलेलं सापडणार कसं? मान खाली घालून म्हणाले, "माझ्याकडूनच कुठंतरी राहिलं असेल." मयुरेश शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्यानं तोंड उघडलं नाही. काकांना घरी बसवलं, आणि त्यांची जागा कुणाला मिळाली असेल? यालाच.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. हा हार घेऊन धारला गेला, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला, आणि पाय पुढं टाकवेना. हार कोपऱ्यावरच्या नळावर ठेवून परत आला. तेव्हापासून हा माणूस मान वर करत नाही, शिवांगी.

तर त्या रात्री तो ऑफिसात पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. तिथलं ऑफिस सांभाळणारा अनीश दारातच उभा होता.

"आओ भिया. सब मशीनें एक ही बात बोल रही हैं, सर्वर नहीं मिल रिया."

मयुरेश कामाला लागला. तारा ठीक होत्या. नंबरानं हाक मारली की देवासचा सर्व्हर ओ देत होता. नावानं मारली की नाही. मोठ्या सर्व्हरला विचारलं, त्यानं बरोबर पत्ता सांगितला. मशीनला विचारलं, ते दुसराच सांगत होतं. त्यानं मशीनची आठवण पुसली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तोच नंबर. जुना. तो नंबर मयुरेशला झोपेतही पाठ होता.

"अनीश, चहा मिळेल का रे कुठं?" तो म्हणाला. चहा कुणाला हवा होता? त्याला एकटं व्हायचं होतं. अनीश बाहेर गेला तशी त्यानं ती फाईल उघडली.

एकच ओळ. जुना नंबर, सर्व्हरचं नाव, आणि शेवटी एम. एस.

स्वतःच्या हातानं पुसलेली ओळ. त्यानं ती परत पुसली. शेजारच्या मशीनवर गेला. तिथंही तीच ओळ. पलीकडच्या मशीनला तर त्यानं जन्मात हात लावला नव्हता, ते त्याच्या आदल्या दिवाळीत नवं आलेलं. त्यातही तीच.

अनीश चहा घेऊन आला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. "ये एम. एस. कौन है, भिया?"

"कोणी नाही. जुनं काहीतरी असेल."

दुसऱ्यांदा खोटं वागला, राजवीर. त्याच गोष्टीबद्दल. बोलला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पहिल्या मशीनवर परत गेला. पुसलेली ओळ जागच्या जागी होती.

मग त्यानं जुन्या नंबराला हाक मारली. त्या पत्त्यावर कोणी राहत नव्हतं. दोन वर्षं कोणी नव्हतं.

उत्तर आलं.

पुन्हा मारली. पुन्हा आलं. त्यानं मशीनच्या मागची तार उपटली. हातात धरली. आणि हाक मारली...

उत्तर आलं.

"पर वो पुराना डब्बा तो पीछे गोदाम में पड़ा है," अनीश हळूच म्हणाला. "भंगार में देना था..."

दोघं टॉर्च घेऊन मागं गेले. खोक्यांच्या आड ताडपत्री होती. अनीशनं ती ओढली. सर्व्हरचा जुना डबा. डिस्क काढलेली. तार नाही. वीज नाही. वर धूळ. मयुरेशनं त्यावर हात ठेवला.

गरम होता. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

"भिया... इसमें तो..."

"माहितेय."

"चलो ना भिया..."

मयुरेश हलला नाही. डब्यावरचा हात न काढता म्हणाला, "काका..."

नुसता अंधार. आणि हाताखाली ती ऊब.

... थांब राजवीर. जिन्यात मांजर आहे. बस.

तो तसाच बाहेर पडला आणि चालत ओगल्यांच्या गल्लीत गेला. या वेळी नळापाशी थांबला नाही. सरलाकाकू जाग्याच होत्या. आतून विचारलं, "कोण?" यानं सांगितलं, "मयुरेश. देवासचा."

"अगं बाई, मयुरेश! ये रे बाळा. किती दिवसांनी!" त्यांनी दार उघडलं, बसायला दिलं, दुपारची खीर वाटीत घालून पुढं ठेवली. "आज यांचं पान वाढलं. तुझं नाव किती काढायचे माहितेय? म्हणायचे, माझ्या हाताखालून एवढा एकच तयार झाला."

तिथं तो फुटला. वरात, ती ओळ, आदल्या संध्याकाळी पुसलेली, शेजारची खुर्ची, सगळं सांगितलं. काकू ऐकत होत्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

त्या काकांबद्दल बोलायला लागल्या. "रात्री उठून बसायचे रे. पांघरुणावर बोटं अशी चालायची, मशीनवर चालायची तशी. मी म्हणायचे, निजा आता. तर म्हणायचे, सरला, एकेक मशीन पुन्हा बघतो. कुठंतरी राहिलंय माझ्याकडून. सापडल्याशिवाय झोपू कसा? शेवटच्या रात्रीपण बोटं चालूच होती." आणि मग, "म्हणजे त्यांच्याकडून काही राहिलंच नव्हतं."

"नाही काकू."

"मला सांगून काय करू मी? ज्यांच्यासमोर त्यांची मान खाली गेली, त्यांना सांग."

त्यांनी खिरीची वाटी उचलली नाही. पण खा, असंही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

तिथंच ओसरीवर बसून त्यानं काकांना विचारलं गेलं त्या दिवशी खोलीत हजर असलेल्या प्रत्येकाला लिहिलं. मोठ्या साहेबांनाही. पत्ता मी लिहिला, मीच पुसला, ओगले काकांची चूक नव्हती. पाठवलं आणि ऑफिसात परत आला. अनीश बाहेर पायरीवर बसला होता.

"भिया, अभी-अभी सब चालू हो गया. अपने आप."

खरंच चालू झालं होतं. नाव विचारलं की बरोबर पत्ता. जुन्या नंबराला हाक मारली, उत्तर नाही. एकेक मशीन उघडून बघत गेला, ओळ नव्हती. मागं जाऊन डब्यावर हात ठेवला. थंडगार.

कारखान्यात पुढं काय झालं म्हणशील, तर फारसं काही नाही. जया मॅडम म्हणाल्या, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे. मोठ्या साहेबांनी उत्तरच दिलं नाही. त्याची खुर्चीही कोणी काढून घेतली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. दर अमावास्येला तो धारला जातो. काकूंची बाजारहाट करतो, बसतो थोडा वेळ. आजही तिथंच गेलाय.

"मतलब काकांनी माफ कर दिया ना, आजोबा?"

तेच सांगतो. त्या रात्री एक मशीन बघायचं राहिलं होतं. ज्याच्यात त्यानं पहिल्यांदा पत्ता लिहिला ते, कोपऱ्यातलं. ते त्यानं शेवटी उघडलं. त्यात ओळ होती. जुना नंबर, नाव, एम. एस. आणि तिच्याखाली आणखी एक ओळ होती. मराठीत.

"अनीश, इथं कोण बसलं होतं?"

"कौन बैठेगा भिया? मैं तो बाहर था. अंदर अकेले बैठने की हिम्मत नहीं थी मेरी..."

ती फाईल त्यानं पुसली नाही. मला त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला, म्हणून मी सांगू शकतो. मीही त्याला तेच म्हटलं होतं शिवांगी, की बघ, काकांनी तुला माफ केलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भैयासाहेब, माफ केलं असं कुठं लिहिलंय त्यात?"

खरंच नव्हतं लिहिलेलं. एवढंच होतं.

पाहिले. श. ओ.