कोपराखाली एक वीत

जुना ओटा फोडायचा त्या दिवशी चिमणीनं दुकान बंद ठेवलं, आणि पहिला घण बसला तशी चक्क टाळी वाजवली.

"अगं, लग्न आहे का कुणाचं?" नवऱ्यानं विचारलं.

"माझंच समजा की!"

चिमणी हे सासूबाईंनी ठेवलेलं नाव. सासूबाई ताडमाड उंच. नवी सून ओट्यापाशी उभी राहिली आणि ओट्यावर फक्त तिचं डोकं दिसलं, तेव्हा "अगं बाई, ही तर चिमणी!" म्हणून त्या हसत सुटल्या. नाव असं चिकटलं, की पुढे सूनबाईंनी शिवणकामाचं दुकान काढलं तेव्हा पाटीवरही तेच रंगवलं. त्या ओट्यापाशी ती बावीस वर्षं पायाखाली पाट घेऊन राबली. दोनदा पाटावरून पडली, त्यात एकदा उकळत्या पाण्यासकट. सासूबाई वाईट नव्हत्या हो. भाजल्या हातावर फुंकर त्यांनीच घातली. पण ओटा काही खाली आला नाही. "माझ्यामागं तुझ्या मापाचा कर," म्हणायच्या. "कोपराखाली एक वीत, की पाठ दुखत नाही. होईल का गं तुझ्याच्यानं?"

ते शेवटचं वाक्य चिमणीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. सासूबाई जाऊन वर्ष उलटलं, आणि आता तिला करून दाखवायचं होतं.

खिडकीचंही तसंच. ओट्यावरची खिडकी इतकी वर, की तिच्यातून चिमणीला नुसतं आभाळ दिसायचं, पाटावर चढलं तर समोरचं छप्पर. सासूबाईंना मात्र तिथून रस्त्याचं वळण दिसायचं. संध्याकाळी फोडणी देता देता मुलगा वळणावर दिसला की त्या म्हणायच्या, "आला गं. पाणी ठेव." आणि लगेच दाराची बेल वाजायची. चिमणीला ती खिडकीही खाली हवी होती.

कित्येक महिने ती गिऱ्हाइकांकडे पडद्याचं माप घ्यायला जायची आणि पडदा राहायचा बाजूला, स्वयंपाकघरात डोकावून यायची. एकीकडून तिनं कोपऱ्यातून गिरकी घेऊन बाहेर येणारा खण उचलला, दुसरीकडून कपाटाखालचा दिवा. मुलीनं फोनवर ढीगभर फोटो दाखवले. "इथं कुणी कधी कांदा तरी चिरलाय का?" म्हणत चिमणीनं त्यातले निम्मे बाद केले. धूर ओढायला चिमणी बसवायचं ठरलं, तर नवरा म्हणाला, "एका घरात दोन चिमण्या?" तीही खो खो हसली. आपली अक्कल, आपली कमाई, आणि खिळान् खिळा आपल्या पसंतीचा! दुकानात बसल्या बसल्या तिचा ऊर असा भरून यायचा की हातातली कात्री थांबायची.

ओटा गेला तरी भिंतीवर त्याचा वण राहिला, करडा, आडवा. चिमणीनं शिंप्याचा निळा खडू घेतला, कोपर दुमडलं, खाली एक वीत मोजली आणि वणाच्या बरंच खाली रेघ ओढली. टोकाला सवयीप्रमाणे छोटी फुली मारली. मग रेघेपाशी उभी राहून तिनं हवेतल्या हवेत पोळी लाटली. खांदे वर उचलावे लागले नाहीत. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ चार बोटं वर होती.

"तुम्ही हात लावलात का हो माझ्या रेघेला?"

"मी? मला खडू कुठं असतो तेही ठाऊक नाही," नवरा म्हणाला. मुलगीही नाही म्हणाली.

खालची रेघ पुसल्याचा डाग नव्हता. वरच्या रेघेला टोकाला फुली होती, तिच्याच हातची, डावा पाय जरा लांब असलेली. असेल, घाईत चुकलं असेल, असं म्हणायला चिमणी तयार नव्हती. आख्ख्या पेठेत तिच्या मापात चूक काढणारं कुणी जन्माला आलं नव्हतं. तिनं ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि पुन्हा मोजून रेघ मारली. पुढच्या सकाळी ती आणखी वर. पुन्हा पुसली. पुन्हा वर.

त्याच आठवड्यात तिच्या नव्या झग्याच्या बाह्या मनगटापर्यंत पोचेनात. "कापड आटलं मेलं," ती म्हणाली. ज्याच्याकडून घेतलं होतं त्याला चार शब्द सुनावूनही आली. चपला टाचेत चावायला लागल्या, त्या तिनं बदलल्या.

रेघ आता वणाला टेकली होती. चिमणीनं ती पुसायचं सोडून दिलं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण ती खुशीत होती. दुकानात गाणं गुणगुणायची.

गवंडी माप पक्कं करायला आला तेव्हा दुपार कलली होती. मुलगी बाहेरच्या खोलीतून दाराशी येऊन उभी राहिली.

"हा तर जुन्याच उंचीवर येतोय की, बाई," गवंडी म्हणाला.

"येऊ दे. माप माझं आहे. घ्या, बघा."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं कोपर दुमडलं. गवंड्यानं टेप लावली. कोपराखाली एक वीत. रेघ बरोब्बर तिथं.

"काय तंतोतंत आहे हो!"

"मापात पाप नाही आपल्याकडे," चिमणी म्हणाली. अभिमानानं तिचा चेहरा उजळून निघाला होता.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "तू पाटावर उभी आहेस का?"

"पाट कशाला? तो तर मी माळ्यावर टाकला."

मुलीनं खाली पाहिलं. आईची पावलं सपाट फरशीवर होती.

"आणि खिडकी किती खाली घ्यायची?" गवंड्यानं विचारलं.

"खिडकी राहू द्या. चांगली आहे."

ती खिडकीकडे वळली. टाच न उचलता, मान न ताणता तिनं बाहेर पाहिलं. रस्त्याचं वळण दिसत होतं. वळणावरून पिशवी घेऊन, जरासा पाय ओढत तिचा नवरा येत होता.

"आला गं," ती म्हणाली. "पाणी ठेव."

मुलगी जागची हलली नाही. आईच्या तोंडून बाबांसाठी 'आले'खेरीज दुसरा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. त्यांना 'आला' म्हणणारं या घरात एकच माणूस होतं.

बेल वाजली.

आईनं वळून मुलीकडे पाहिलं, वरून खाली, कौतुकानं.

"अगं बघतेस काय, चिमणे? दार उघड."