स्क्रीनवरचा दुसरा बाण

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसबहिणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ताई थापा मारणारी बाई नाही.

तेही रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी साडेतीनला, सातव्या मजल्यावरच्या ऑफिसात.

ताईचं काम विम्याचे दावे तपासायचं. दावे परदेशातले, पगार इथला. तिकडे एक म्हातारा कारकून एकतीस वर्षं हेच करत होता. आता काम स्वस्तात इकडे आलं. कंपनीची रीत अशी, की ज्याची नोकरी जाणार त्यानेच नव्या माणसाला शिकवायचं. आठ आठवडे. इंटरनेटवरून दोघांपुढे स्क्रीन एकच, त्यावर माउसचे बाण दोन, एक तिचा, एक त्याचा. ताई चुकली की त्याचा बाण त्या रकान्याभोवती दोनदा फिरायचा.

ताई त्याला काका म्हणायची. काका अगदी जीव ओतून शिकवायचे.

एकदा म्हणाले, "पोरी, सातव्या आठवड्यात बायकोचं ऑपरेशन आहे. नोकरी आहे तोवरच आमचा विमा. तेवढं सांभाळून घे."

"काका, बिनघोर राहा."

त्याच संध्याकाळी साहेबांनी गाजर दाखवलं. "लवकर शिकलीस तर लगेच कायम करतो."

घरात कमावती ती एकटी. आजारी आईही तिच्याच जिवावर. ताईने लिहून दिलं, 'सगळं शिकून झालं. आता यांची गरज नाही.'

तासाभरात काकांचं कंपनीतलं खातं बंद. नोकरी गेली, विमाही गेला.

ऑपरेशन झालंच नाही. महिन्याभरात बायको गेली, पाठोपाठ काकाही. ताई बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि कायम झाल्याच्या कागदावर सही केली.

मग तो सोमवार. दुपारचे साडेतीन.

ताईने एक रकाना चुकीचा भरला आणि...

स्क्रीनवर दुसरा बाण आला.

रकान्याभोवती फिरला. एकदा... दोनदा.

तिने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो वैतागला. "अहो ताई, दुसरं कोणी जोडलेलंच नाही!"

तिने इंटरनेटची वायर उपटली. बाण तिथेच.

आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरला नाही. पण माणूस कसला निगरगट्ट असतो बघा! बाणामुळे तिची एकही चूक होईना. साहेब खूश. शेजारच्या दोघींना घरी पाठवून त्यांचं कामही हिलाच दिलं. ताईची भीती हळूहळू पार गेली.

दोन वर्षांनी काम आणखी स्वस्त देशात निघालं. आता शिकवायचं ताईने, तिकडच्या एका नव्या मुलीला.

तेव्हा मावशी, म्हणजे ताईची आई, दवाखान्यात होती, कंपनीच्याच विम्यावर. नोकरी जाईल त्या दिवशी उपचार थांबणार. म्हणून ताईने ठरवलं, मुद्दाम चुकीचं शिकवायचं. मुलगी अडली की मुदत वाढेल.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस पहिलाच रकाना तिने साफ चुकीचा सांगितला.

मुलीने बरोबर भरला.

दुसराही बरोबर... तिसराही.

ताईला घाम फुटला. "अगं, तुला कोणी शिकवलं?"

"ते काका! तुम्हीच पाठवता ना त्यांना? रोज तुमच्या आधी तासभर येतात. तुम्ही आज कुठे चुकणार, तेही सांगून ठेवतात."

"त्यांना सांग... आई मरेल माझी. सांग ना त्यांना!"

मुलीने पलीकडे कुणाला तरी हळूच विचारलं.

मग म्हणाली, "ते म्हणतात, शिकून झालंय."

त्याच दिवशी ताईचं खातं बंद झालं. नवव्या दिवशी मावशी गेली.

ताई आता कुणाशी बोलत नाही. मला राहवलं नाही. मी त्या मुलीला दोनच ओळी पाठवल्या. 'तो माणूस जिवंत नाही. सावध राहा.' खाली नाव नाही, गाव नाही.

उत्तर लगेच आलं.

'काका म्हणतात, मावसभावाने मध्ये पडू नये.'

नातं मी कुठेही लिहिलं नव्हतं हो...