बारीक आवाज

खोल विहिरीत पहार पडते तेव्हा वर येणारा आवाज अजून माझ्या कानात आहे. विहीर उथळ असली की तो छातीवर बसतो. खोल होत गेली की बारीक होतो, आणि शेवटी शेजारच्या घरात कुणी सुपारी कातरावी तेवढाच उरतो.

बहात्तरचा दुष्काळ होता. पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याची विहीर आटली होती. ती आणखी खाली न्यायचं काम मी आणि माझे दाजी, भिमाजी, करत होतो. माझी थोरली बहीण रंगुबाई त्यांना दिलेली. अक्काला तेव्हा दिवस भरत आले होते. बांधावरच्या बाभळीखाली ती आमच्या भाकरी थापायची. पाणी लागलं की काम संपणार होतं आणि तिला बाळंतपणासाठी घरी नेता येणार होतं, म्हणून दाजींना घाई.

खाली उतरणाऱ्याचा दोर घरच्याच माणसानं धरायचा, अशी आमच्यात रीत. दाजी खाली, मी वर.

आदल्या संध्याकाळी सुरुंग उडवले होते. त्यानंतर विहिरीत वाईट हवा साठते, म्हणून सकाळी आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस उतरायचा. ऊन वर आल्यावर मी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. सुरुंगाच्या दारूचा उग्र वास अजून काठावर रेंगाळत होता. कंदील विझला नाही.

पण तो लहानही होईना.

रोज तो खाली जाताना लिंबाएवढा व्हायचा, मग हरभऱ्याएवढा, मग काजव्यासारखा. उजेडही तसाच मावळत जायचा. त्या दिवशी दोरी संपत आली तरी तो माझ्या हातात होता तेवढाच दिसत होता. काच, काचेवरची काजळी, आतली वातसुद्धा.

आजचा दिवस राहू द्या, असं मी दाजींना म्हणालो, आणि का तेही सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि हसले.

"दिवा जळतोय न्हवं? मग हवा चांगली हाय. तुझ्या अक्काला सांगतो, भावाला न्याहारी लवकर घाल, उपाशीपोटी त्याला कायबी दिसतंय."

कंदिलाची दोरी मी काठाला बांधून ठेवली आणि ते दोराच्या फासात बसले. मी आणि गहिनीनाथ चाकाच्या दोन मुठी धरून दोर सोडू लागलो. चाक अगदी काठावर होतं, मान वाकवली की खालचं दिसायचं.

दाजी रोजच्यासारखेच लहान होत गेले. आधी त्यांचा चेहरा कळेनासा झाला, मग नुसतं पागोटं उरलं. कंदिलापाशी पोचले तेव्हा ते वीतभर दिसत होते. आणि कंदीलही वीतभर. दोघं शेजारी शेजारी, एका उंचीचे.

मग ते उजेडाच्या खाली गेले आणि दिसेनासे झाले.

कालच्या तळाची खूण म्हणून मी दोराला तांबडी चिंधी बांधली होती. ती चाकावरून पुढे गेली. तळ यायला हवा होता, दोर सैल पडायला हवा होता. पण दोर ताठच, भार तसाच. सुरुंगानं खाली मोठं भगदाड पाडलं असेल, असं गहिनीनाथ म्हणाला. त्याला बरंच वाटलं.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणी हळू बोललं.

"सोड, सहादेवा... अजून सोड."

आवाज दाजींचा. खांद्यामागे उभं राहून बोलावं तसा, न ओरडता, धाप न लागता. गहिनीनाथलाही तो ऐकू आला. सोडा की, तुमचे दाजीच सांगत्यात, असं म्हणून त्यानं मूठ सैल केली. मी माझी मूठ घट्ट धरली.

"अजून सोड..."

त्याच आवाजाच्या खालून, फार लांबून, केसाएवढं काही ऐकू आलं. मी श्वास धरला.

"...वर घे..."

तोही दाजींचाच आवाज.

इतक्या खोल गेलेल्या माणसाचा आवाज कानाशी कसा येईल? बारीक आहे तोच खरा. एवढंच मला सुचलं. मी गहिनीनाथला म्हणालो, पाया पडतो, वर ओढा. तो कुरकुरला, पण ओढू लागला. दोर वर येत होता आणि कानाशी तो आवाज सोड, सोड म्हणतच होता. चढत नव्हता, उतरत नव्हता, रागावतही नव्हता. दाजींचा हात काठाला लागला तेव्हा तो थांबला.

मी त्यांना बखोटीला धरून बाहेर घेतलं. अंग थंड होतं. गहिनीनाथ पाणी आणायला वस्तीकडे पळाला. दाजी काठावर बसून राहिले. काय झालं, असं मी दोनदा विचारलं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरेना. माणूस हाती लागला, अक्काचं कुंकू राहिलं, एवढंच मनात होतं. मी त्यांच्या पाठीवरची माती पुसली.

मग कंदील वर घ्यायला मी विहिरीवर वाकलो.

खालून, फार लांबून, केसाएवढं...

"सहादेवा... वर घे..."

मी तसाच वाकून राहिलो. मग हळूच मान वळवली. दाजींनीही ते ऐकलं होतं. ते विहिरीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, शांतपणे, मी आता काय करतो ते पाहावं तसे.

"दाजी..." मी म्हणालो, "खाली कोन हाय?"

बांधावर अक्का तांब्या घेऊन उभी होती. आज इतक्या लवकर भूक लागली का, म्हणून लांबूनच हसत विचारत होती.

दाजी उठले. धोतर झटकलं. आणि तिच्याकडे चालत गेले.