दाढेखालची लवंग

शुक्रवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०४८. स्थळ रत्नागिरी जिल्ह्यातील कासारघळ गावची शाळा. दुपारचे तीन वाजले, तसे सातवीच्या मुलांनी कानामागच्या बोधपट्ट्या काढून पितळेच्या परातीत ठेवल्या आणि दत्ताराम कुळये गुरुजींनी दाढेखाली लवंग धरली.

बोधपट्टी एव्हाना सर्वच शाळांत रुळली होती. मूल गोंधळले की मेंदूतील रक्तप्रवाहाचा बदल ती टिपे आणि गोंधळाची जाणीव होण्यापूर्वीच कानात उत्तर सांगे. कासारघळची शाळा मात्र रोज एक तास तिच्यावाचून चाले. संस्थापिका ताराबाई रेडीज यांनी शाळेचे उद्दिष्ट एका वाक्यात बांधले होते : येथून जाणाऱ्या मुलाला आपले अज्ञान ओळखता यावे, आणि ते सांगताना त्याची मान खाली जाऊ नये. म्हणून त्या तासाला शिक्षकाने बोलायचे नाही, लवंग त्यासाठीच. एका अपूर्णांकापाशी चार दिवस अडलेल्या लहानग्या दत्तारामासमोर ताराबाई अशाच मुक्या बसल्या होत्या. लवंगेच्या वासासरशी आजही गुरुजींचे मन ताराबाईंपुढे नमत असे.

आज तोच तास पणाला लागला होता. तपासणी अधिकारी निळकंठ पेडणेकर यांनी आल्याआल्याच बजावले होते की, अन्यत्र चार सेकंदांत होणाऱ्या कामाला येथे तास लागतो. त्याचे सार्थक दिसले नाही तर सोमवारपासून तो बंद.

प्रश्न अंगणातल्या फणसाच्या उंचीचा होता. वैदेही धुमकने मीटरभर काठी रोवून तिची सावली मोजली. मग फणसाची सावली मोजायला दोरी घेतली, तर तिचा गुंता सुटता सुटता पाऊण तास गेला. उत्तर आले सोळा मीटर.

"सोळा?" वर्गातला विहान म्हणाला. "मग फणस उतरवायला विमान मागव, बाय."

मुले हसली. पेडणेकरांच्या पट्टीने त्यांना केव्हाच बारा सांगितले होते. त्यांनी तोंड उघडले, तोच गुरुजींनी ओठांवर बोट ठेवले. खुद्द गुरुजींच्या जिभेवर 'काठीकडे बघ' हे शब्द येऊन थडकले होते. एवढे म्हटले असते, तर तास वाचला असता. पण मग वाचवण्याजोगे त्यात उरले काय असते? त्यांनी लवंग घट्ट धरली.

"माझं कुठे चुकलं, मला कळलं नाही," वैदेही म्हणाली आणि काठीशेजारी फतकल मारून बसली. काही वेळाने तिने काठीच्या सावलीला वीत लावली, पुन्हा लावली. मघापेक्षा सावली वाढली होती. ती धावतच फणसाकडे गेली. दोन्ही सावल्या पाठोपाठ मोजल्यावर उत्तर बारा आले.

घंटा झाली तरी पेडणेकर जागचे हलले नाहीत. "यंदा बेचाळीस शाळा पाहिल्या," ते म्हणाले. "'मला कळलं नाही' हे आज पहिल्यांदाच ऐकलं. बाकीच्या मुलांना खरंच सगळं कळत असेल का हो, गुरुजी?"

गुरुजींचे डोळे भरून आले होते. लवंगही अजून दाढेखालीच होती. त्यांनी डबी पुढे केली. पेडणेकरांनी कानामागची पट्टी काढून परातीत ठेवली, एक लवंग उचलली आणि तोंडात टाकण्यापूर्वी म्हणाले,

"तास चालू राहील."